गरम झालं की गप्प: एका माशीची कुळकथा

जिवंत माशीच्या मेंदूतल्या मोजक्या चेतापेशी काही मिनिटांपुरत्या बंद पाडायच्या आणि पुन्हा चालू करायच्या, तर मेंदू उघडावा लागत नाही. माशी उबदार कप्प्यात ठेवायची. पारा तीस अंशांच्या आसपास गेला की त्या पेशी गप्प होतात, खाली आला की पुन्हा बोलू लागतात. मेंदूविज्ञानात अतोनात वापरल्या गेलेल्या या युक्तीचं कुळ शोधायला गेलं, तर असं बटण बनवायला मुळात कोणी निघालंच नव्हतं असं दिसतं.

सुरुवात कॅनडातल्या व्हँकुव्हरची. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड सुझुकी फळमाश्यांवर काम करत. फळमाशी म्हणजे आपल्याकडे पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारं चिलट. एरवी धडधाकट असणारी, पण ऊब वाढली की बिघडणारी उत्परिवर्तनं सुझुकी शोधत होते. 1971 मध्ये त्यांच्या गटाने ‘पॅरा’ नावाची माशी जाहीर केली. ती 29 अंशांना लुळी पडे आणि 22 अंशांवर आणली की उठून चालू लागे. 1973 मध्ये आणखी एक सापडली, ‘शिबिरे’. हे नाव बधिरपणासाठीच्या जपानी शब्दावरून ठेवलेलं. सुझुकी पुढे टीव्हीवरचे पर्यावरणवादी म्हणून घराघरांत पोचले, त्यामुळे त्यांच्या माश्यांची आठवण कमी लोकांना असते.

माशी लुळी पडते, पण का? हा प्रश्न मुंबईच्या एका माणसाने उचलला. ओबेद सिद्दिकींनी होमी भाभांच्या निमंत्रणावरून 1962 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला होता. जिवाणूंच्या जनुकशास्त्रात नाव झालेलं असताना ते कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये सीमूर बेन्झर यांच्याकडे गेले आणि माशीकडे वळले. जम बसलेला विषय सोडून भलत्याच विषयात शिरायला धाडस लागतं. ते सिद्दिकींकडे भरपूर होतं. 1976 मध्ये दोघांनी पॅरा, शिबिरे आणि ‘कोमाटोज’ या तीन लुळ्या माश्यांच्या चेतासंस्थेतले दोष विद्युत नोंदींवरून तपासले.

या तिघींनी पुढे जे दिलं ते पाहून थक्क व्हायला होतं. पॅराचं जनुक निघालं ते चेतापेशीत सोडियम आत घेणाऱ्या दाराचं, म्हणजे जिच्यावर संदेश धावतो त्या विजेचं. कोमाटोजचं निघालं रसायन भरलेल्या पुटिकांच्या यंत्रणेतलं. शिबिरेची गोष्ट सर्वांत रंगतदार. चेतापेशीच्या टोकाशी या सूक्ष्म पुटिका पेशीच्या आवरणात मिसळतात आणि रसायन सांडतं. मग पेशीचं आवरण आत ओढून त्यातून नव्या पुटिका घडवाव्या लागतात. हे म्हणजे एसटी डेपोसारखं: सुटलेल्या गाड्या परत आल्याच नाहीत तर थोड्याच वेळात फलाट रिकामा. उबदार शिबिरे माशीत नेमकं हेच होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुटिका संपलेल्या दिसल्या, आणि आवरणाला अर्धवट तयार झालेल्या, मानेशी अडकलेल्या पुटिका लोंबत होत्या.

मान कोण कापतं? 1989 मध्ये वासराच्या मेंदूतून ‘डायनॅमिन’ नावाचं प्रथिन वेगळं केलं गेलं होतं. 1991 मध्ये शिबिरेचं जनुक वाचल्यावर ते माशीतलं डायनॅमिनच निघालं. कुलाब्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच, के. एस. कृष्णन याच माशीच्या मागे होते. अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी 1994 मध्ये पुटिकांची ये-जा रंगद्रव्य वापरून अळीच्या चेतासंधींवर टिपली.

इथवर शिबिरे हा एक दोष होता. 2001 मध्ये कॅलिफोर्नियात तोशिहिरो कितामोतो यांनी त्याचं हत्यार केलं. बिघडलेलं जनुक साऱ्या माशीत न ठेवता हव्या त्याच पेशींत चालू करायचं. यासाठी यीस्टकडून उसना घेतलेला जनुकीय खटका 1993 पासून हाताशी होताच. 2001 मध्येच दोन गटांनी ही युक्ती आठवणींवर वापरली. विशिष्ट वासाबरोबर विजेचा झटका बसला की माशी तो वास टाळायला शिकते. मेंदूतल्या छत्रपिंडाच्या पेशींची वाट शिकताना बंद ठेवली तरी आठवण तयार झाली. आठवण काढायच्या वेळी बंद ठेवली तेव्हा मात्र माशीला काही सुचेना. शिकणं आणि आठवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे एका साध्या गरम कप्प्याने दाखवून दिलं.

नंतर प्रकाशाने चालणारी बटणं आली आणि ती कितीतरी चपळ आहेत. पण प्रकाश माशीला दिसतो आणि बिचकवतो. अर्थात उष्णताही तिला जाणवतेच, म्हणून उत्परिवर्तन नसलेल्या माश्याही त्याच तापमानाला सोबत तपासाव्या लागतात. ही तुलना नसलेला शिबिरे प्रयोग वाचनात आला, तर त्याच्या निष्कर्षावर विश्वास ठेवू नये.