मागच्या अॅक्सलचा श्वास : ब्रीदर कसा निवडावा?

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव हे दोन मोठ्या वाटा एकत्र येण्याचे ठिकाण. अकोल्याहून मेडशीमार्गे वाशिम-हिंगोलीकडे जाणारा महामार्ग आणि नागपूरहून मेहकरमार्गे मुंबईकडे जाणारा जुना रस्ता येथे मिळतात. ५ जून २०२५ रोजी संपूर्णपणे खुला झालेला समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. डांबरी सडक सोडली, की काळ्या मातीचा चिखल आणि पावसाळी ओढे सुरू होतात. तासन्‌तास वेगाने धावून तापलेली गाडी काही मिनिटांतच थंड पाण्यात उतरते. अशा वेळी मागच्या अॅक्सलवरील बोटाच्या पेराएवढ्या एका भागाची कसोटी लागते. हा भाग म्हणजे ब्रीदर.

ब्रीदरचे कार्य

बोलेरो, सुमो, ट्रॅक्स यांसारख्या गाड्यांच्या मागील बाजूस अखंड अॅक्सल असतो. त्याच्या लोखंडी हौसिंगमध्ये क्राऊन-पिनियन गियर ऑईलमध्ये फिरत असतात. ऑईलचे तापमान २५ अंशांवरून ८५ अंश सेल्सिअसवर गेले, तर बंद हौसिंगमधील हवेचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. हा दाब बाहेर पडण्यासाठी आणि हौसिंग थंड होताना हवा आत येण्यासाठी ब्रीदर असतो.

तो चिखलाने बुजला, तर दाब ऑईल सीलवर येतो. सीलमधून झिरपणारे ऑईल मागच्या ब्रेकच्या लायनरपर्यंत पोहोचते आणि ब्रेक लागेनासे होतात किंवा गाडी एका बाजूस ओढली जाते. प्रवाशांनी भरलेल्या काळी-पिवळीच्या बाबतीत हा केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न उरत नाही. उलट, तापलेले हौसिंग ओढ्यात एकदम थंड झाले, की आत पोकळी निर्माण होऊन पाणी खेचले जाते. ऑईल दुधाळ चहासारखे दिसू लागल्यास पाणी शिरले आहे असे समजावे. अशा ऑईलवर गाडी चालविल्यास बेअरिंग गंजते व क्राऊन-पिनियन झिजतात.

प्रकार आणि निवड

सैल टोपीचा ब्रीदर हवा दोन्ही दिशांनी जाऊ देतो. तो स्वस्त असून पक्क्या रस्त्यावरील वापरास पुरेसा आहे; मात्र पाण्यात बुडाल्यास उपयोगाचा नाही. स्प्रिंगच्या एकदिशा व्हॉल्व्हचा ब्रीदर दाब बाहेर सोडतो, पण हवा आत घेत नाही. त्यामुळे थंड होताना पोकळी तशीच राहते आणि पाणी सीलमधून वाट शोधते. सच्छिद्र पितळी ब्रीदर कारखान्यातील यंत्रांना ठीक. चिखलात त्याची छिद्रे लवकर बुजतात.

ओढे-नाले ओलांडणाऱ्या गाडीसाठी नळीचा ब्रीदर सर्वांत योग्य. हौसिंगवर नळी बसविण्याचा जोड लावून रबरी नळी उंचावर न्यायची आणि तिच्या टोकाला लहान फिल्टर बसवायचा. नळी ऑईलने न फुगणाऱ्या, नायट्राईल रबराची असावी. पाटे दबताना-उठताना अॅक्सल वरखाली होतो, म्हणून नळीला पुरेशी ढील द्यावी; परंतु ती मध्येच लोंबकळू नये, अन्यथा त्या खोलगट भागात पाणी किंवा ऑईल साचून वाट बंद होते. सायलेन्सरच्या पाईपपासून ती दूर ठेवावी. तिचे टोक गाडी ज्या पाण्यातून नेली जाते त्या पातळीच्या वर असावे आणि तोंड खाली वळविलेले असावे.

आटे सर्वांचे सारखे नसतात. मेट्रिक आणि इंची पाईपचे आटे दिसायला जवळपास सारखे असले, तरी एकमेकांत बसत नाहीत. जुना ब्रीदर दुकानात नेऊन नवा ताडून घ्यावा. जबरदस्तीने आवळल्यास हौसिंगचेच आटे जातात.

देखभाल

ब्रीदर काढण्यापूर्वी भोवतालची माती पुसून घ्यावी, नाहीतर ती थेट गियरवर पडते. पावसाळ्याआधी व नंतर ब्रीदर डिझेलने धुऊन, फुंकून पाहावा. ब्रीदरमधून ऑईल उसळत असेल, तर प्रथम पातळी तपासावी. सपाट जागेवर ती साधारणतः भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असते. तरीही गाडीच्या पुस्तिकेतील सूचना अंतिम मानावी. आणि सील पुन्हा पुन्हा गळत असेल, तर नवे सील टाकण्याआधी ब्रीदर उघडा आहे का, हे पाहावे. अनेकदा दोष सीलचा नसून बुजलेल्या छिद्राचा असतो.