निळा सदरा

1992 च्या पावसाळ्यात मी धडगावकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हा नव्हता. तो झाला 1998 साली. त्याआधी सातपुड्याचा तो सगळा पट्टा धुळे जिल्ह्यातच होता. शहाद्याहून एसटीने घाट चढायचा आणि पुढे पायी. सोबत आश्रमशाळेतले एक मास्तर होते, कारण मला तिथली पावरी बोली येत नव्हती. पाड्यांवर मुलं दगावताहेत ही बातमी मी महिनाभर पाठवत होतो आणि ती आतल्या पानावर चार ओळींत येत होती. शेवटी कचेरीतून निरोप आला, फोटो असेल तर बघू.

एका झोपडीपुढे दीड-दोन वर्षांचं मूल घेऊन बाई बसली होती. कॅमेरा पाहून ती आत गेली. परत आली तेव्हा मुलाच्या अंगात निळा नवा सदरा होता, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. मी एक फोटो काढला. मग मास्तरांना म्हणालो, "सदरा काढायला सांगा. बरगड्या दिसत नाहीत."

मास्तर जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाऊ, फोटोसाठीच घातलाय तिने."

"माहीत आहे," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं. तिने एकेक बटण काढलं, सदरा पुन्हा पहिल्यासारखा घडी करून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता मुलाला पुढे धरलं. तो दुसरा फोटो पहिल्या पानावर चार कॉलमांत छापून आला. आठवड्याच्या आत डॉक्टरांचं पथक आलं, दूध पावडर आली, मूल जगलं. फोटो वाया गेला असं मी म्हणत नाही, आणि म्हणूनच तो मांडीवरचा सदरा मला तीस वर्षं सोडत नाही.

आमच्या धंद्याला या गोष्टीची सवय फार जुनी आहे. 1876 ते 78 च्या मद्रासकडच्या दुष्काळात विलोबी हूपर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेली माणसं ओळीने बसवून त्यांचे फोटो घेतले. खानदेशात तेव्हा फोटोवाले कमी, लिहिणारे जास्त. 1880 च्या सरकारी गॅझेटियरात भिल्लांवर पानंच्या पानं आहेत: ते काय खातात, कसे लुटतात, 1825 साली भिल्ल पलटण उभी केल्यावर कसे सुधारले. ती मी धुळ्यात बसून वाचली आहेत. त्यात माहिती भरपूर आहे, फक्त कुणी भिल्ल बोलताना ऐकू येत नाही.

साने गुरुजींनी 1938 साली अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढलं तेव्हा शेतकऱ्याचं आणि मजुराचं दुःख आमच्याकडच्या छापील कागदावर मायेने उतरलं. गुरुजी त्या माणसांत राहत होते. पुढे आम्ही वार्ताहरांनी त्यांचा गहिवर उचलला, राहणं मात्र उचललं नाही.

मग 1971. शहादा तालुक्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला आणि मुंबई-पुण्याला पहिल्यांदा कळलं की तापीच्या काठी, केळी-उसाच्या मळ्यांत, सालदार नावाचा माणूस वर्षाच्या बोलीवर राबतो आणि बऱ्याचदा जमीन मूळची त्याच्याच बापाची असते. अंबरसिंग सुरतवंती हे त्याच मातीतले नेते. त्यांच्याबरोबर शहरातली शिकलेली पोरं आली, 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली, बाया दारूचे मटके फोडायला निघाल्या. बाहेरची पोरं प्रामाणिक होती. काहींनी अख्खं आयुष्य तिथे घातलं. त्यांच्यावर चिखल उडवायची माझी लायकी नाही.

पण त्याच चळवळीत वाढलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' नावाची कविता लिहिली. मित्र मंचावर जाऊन आदिवासीच्या वेदनेवर भाषण करतात आणि ज्याची वेदना तो समोर बसून ऐकतो, ही तिच्यातली तक्रार. ती जमीनदाराबद्दल असती तर मी टाळी वाजवून मोकळा झालो असतो. ती आपल्या बाजूच्या माणसांबद्दल आहे. मी ती वाचली तेव्हा सदऱ्याची गोष्ट घडून गेली होती. कवितेत सदरा नाही, पण मला तोच दिसला.

1994 साली जळगावचं प्रकरण बाहेर आलं. मुलींना फसवून, त्यांचे फोटो आणि चित्रफिती करून धमकावण्याचं ते प्रकरण. तपास पोलीस अधिकारी अरविंद इनामदारांकडे होता. त्या दिवसांत आम्हा सगळ्यांची जी धावपळ झाली ती आठवली की आजही लाज वाटते. पीडितेचं नाव छापू नये हा कायदा 1983 पासूनच होता, आणि तो नावापुरता नव्हता. जिच्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट छापू नये, असं कलम 228 अ मध्ये होतं. नाव आम्ही गाळलं आणि निश्चिंत झालो. कुणी गल्ली लिहिली, कुणी कॉलेज, कुणी वडिलांची नोकरी. जळगावसारख्या गावात एवढं पुरतं. मुलींचे आकडे तर रोज वाढत होते, शंभर, तीनशे, पाचशे. हे कुठून येतात, असं एकमेकांना विचारायला कुणाला वेळ नव्हता. तक्रार द्यायला पुढे आल्या त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. दुसऱ्या टोकाला, जळगावची मुलगी म्हटलं की सोयरिकीला आलेले पाहुणे चहा घेऊन उठत. जिचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही तिचीही बदनामी त्या आकड्याने केली. पुढे खटले चालले, शिक्षा झाल्या, 2000 साली उच्च न्यायालयात काही जण सुटले. साक्षीदार बाया गप्प का राहिल्या याची कारणं बरीच असतील. त्यांतलं एक आमच्या टाइपरायटरमधून निघालं, असं मी मानतो.

त्या काळी निदान बातमी पाकिटात जायची. एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाकीट दिलं की रात्रीपर्यंत ते परत मागवता यायचं. मी दोनदा मागवलं आहे. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जे झालं तेव्हा ती सोय उरली नव्हती. मंगळवेढ्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, आठवडे बाजाराचा दिवस, मुलं पळवणारे आल्याची अफवा. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठेचून मारलं. मारणाऱ्यांच्या आसपास फोन उभे होते. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ माझ्या फोनवर तीन गटांतून आला, खाली हळहळीचे शब्द. पाठवणाऱ्यांत जुने पत्रकार होते. ज्यांची माणसं गेली त्यांच्या घरीही फोन आहेत, हे कुणाच्या मनात आलं नाही.

पोलिसांना आरोपी ओळखायला तेच व्हिडिओ उपयोगी पडले आणि 2024 साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली, म्हणून चित्रण करूच नये असं मला म्हणता येत नाही. पुरावा पोलिसांकडे जावा आणि मेलेल्याचा चेहरा शेजाऱ्याकडे जाऊ नये, एवढं मात्र म्हणता येतं. राईनपाड्याच्याच वर्षी, 2018 साली, देशभर फिरलेल्या अफवांमधली एक चित्रफीत मूळची कराचीतली होती. मुलांना जपा, हे सांगण्यासाठी केलेली. शेवटी पोरगं परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. कापलेल्या तुकड्याने किती घरं उद्ध्वस्त केली याचा विचार करताना मला माझाच कॅमेरा आठवतो. मीही एक फोटो ठेवला होता आणि एक टाकला होता.

टाकलेल्या फोटोची निगेटिव्ह माझ्याकडे होती. 1994 च्या दिवाळीनंतर, जळगावच्या त्या गदारोळातून जरा बाहेर आल्यावर, मी धुळ्याच्या एका स्टुडिओत ती मोठी करून घेतली आणि मास्तरांना घेऊन पुन्हा पाड्यावर गेलो. मूल आता अंगणात पळत होतं. बाईने मला ओळखलं. छापून आलेला फोटो तिला बाजारात कुणीतरी दाखवला होता. तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, सदरा कुठे गेला? हे मास्तरांनी मला वाटेत सांगितलं.

मी पाकिटातून सदऱ्यातला फोटो काढून तिच्या हातात दिला. तिने तो पदराने पुसला, उजेडाकडे धरला, मुलाला हाक मारून त्यालाही दाखवला. मग मास्तरांना काहीतरी म्हणाली आणि कनवटीला हात घातला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"किती पैसे द्यायचे, विचारते."