क्षयाचें औषध आणि कानाचा ज्ञानतंतु

इतिहास म्हटला कीं लढाया आणि तह आठवतात; औषधाच्या कुपीलाहि इतिहास असतो, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचें तिला साहाय्य होतें. पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलिन निघूं लागलें, आणि १९६० नंतरच्या दशकांत क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनहि.

हें द्रव्य १९४३ सालीं अमेरिकेंतील रटगर्स विद्यापीठांत, वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत, त्यांचा शिष्य शात्झ यानें मातींतील सूक्ष्म जीवापासून मिळविलें. १९५२ चें नोबेल पारितोषिक मात्र एकट्या गुरूला मिळालें. जन्मभर शिक्षकी केलेल्या मला हें खुपतें; असो.

१९४८ सालीं ब्रिटनमधील प्रयोगाचे आंकडे प्रसिद्ध झाले. औषध दिलेल्या ५५ रोग्यांपैकीं सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकीं १४. परंतु त्याच ५५ पैकीं ३६ जणांना भोवळ येऊं लागली होती. म्हणजे पिंपरीचा कारखाना उभा राहण्यापूर्वींच औषधाचा हा दोष जगाला ठाऊक होता. डॉक्टर त्यास आठव्या ज्ञानतंतूची इजा म्हणत. वस्तुतः प्रथम मरतात त्या आंतरकर्णांतील केशपेशी, आणि त्या पुन्हां उगवत नाहींत. रसायनज्ञांनीं औषधांत हायड्रोजन मिळवून पाहिला. तोल पुष्कळसा वांचला, पण ऐकूं येईनासें झालें. तेंहि कधीं कधीं सुई थांबल्यावर कांहीं महिन्यांनीं!

प्राण वांचविण्यासाठीं औषध दिलें, हें योग्यच झालें. तरीहि बहिरेपण डोळ्यांना दिसत नाहीं. वर्गांत असा मुलगा असला कीं आम्ही शिक्षक त्याला दुर्लक्षी ठरवून मोकळे होतों, आणि घरचींहि तेंच म्हणतात.

कांहीं जणांचे कान थोड्याच सुयांनीं कां जातात, याचें एक कारण १९९३ सालीं उलगडलें. पेशींतील मायटोकाँड्रियाच्या जनुकांत असलेला एक बदल आईकडून मुलांना मिळतो, आणि तो असणाऱ्यांस धोका फार. क्षयाच्या पुनरुपचारांतील स्ट्रेप्टोमायसिनची जुनी योजना बंद करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सांगितलें. पण त्याच कुळांतील अ‍ॅमिकासिन आजहि वापरांत आहे. मातुल घराण्यांत कोणाचे कान सुयांनीं गेले असतील, तर रोग्यानें तें पहिल्या सुईपूर्वींच डॉक्टरांच्या कानीं घालावें.