हिऱ्याची भुकटी आणि साळुंख्यांची प्रयोगशाळा

ब्रिटिश अमदानीतला बारडोलीभोवतीचा मुलूख ठिगळाठिगळांचा होता. बारडोली तालुका इंग्रजांचा, सुरत जिल्ह्यातला. शेजारचे पलसाणा, कामरेज, महुवा, व्यारा मात्र बडोद्याच्या गायकवाडांचे, आणि त्यापलीकडे सोनगड, जिथून गायकवाडांची सत्ता उभी राहिली. १९२८ च्या सत्याग्रहामुळे बारडोली देशाला माहीत झाली. त्याच्या अर्धशतक आधी शेजारच्या बडोदा राज्यात विषप्रयोगाचा एक खटला उभा राहिला होता, आणि दूरचित्रवाणीवरच्या हलक्याफुलक्या गुप्तहेर मालिकांमध्ये वैद्यकशास्त्राची जी थट्टा होते, तिची चर्चा मला या खटल्यापासूनच सुरू करावीशी वाटते. ‘सीआयडी’ मालिकेतले डॉ. साळुंखे परीक्षानळीत दोन थेंब टाकतात, रंग पालटतो आणि खुनाचे कोडे निम्मे सुटते. असे कुठे असते का, ही डॉक्टरांची तक्रार खरीच आहे. पण ती चुकीच्या जागी बोट ठेवते. रसायन खोटे असण्याने फारसे बिघडत नाही. शास्त्र लगेच बोलते आणि एकदाच, छातीठोकपणे बोलते, ही समजूत खोटी आहे. ती पसरवायला दूरचित्रवाणी यावी लागली नाही.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्यातले ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेयर यांनी सकाळी फिरून आल्यावर नेहमीप्रमाणे पपनसाचे सरबत घेतले. दोन-तीन घोटांतच मळमळू लागले म्हणून बाकीचे त्यांनी ओतून दिले. पेल्याच्या तळाशी राहिलेला साका रेसिडेन्सीचे डॉ. सीवर्ड यांनी तपासला आणि मग तो मुंबईला गेला. इलाख्याची रासायनिक प्रयोगशाळा तिथे १८७० च्या सुमारास सुरू झाली होती. तिथल्या डॉ. ग्रे यांना सोमल निर्विवाद सापडला, आणि सोमल ओळखण्याच्या कसोट्या तेव्हाही भरवशाच्या होत्या. अडचण उरलेल्या चकाकत्या कणांची होती. ग्रे यांना ते आधी काचेचे किंवा गारगोटीचे वाटले. बडोद्यात मात्र फेयर यांच्या कानावर गुप्त खबर आलेली होती की विषात सोमल, तांबे आणि हिऱ्याची भुकटी आहे. ती शंका मुंबईला कळवली गेल्यावर पुन्हा तपासणी झाली. तांबे काही सापडले नाही, हिरा मात्र आता संभवनीय ठरला. इथे कहाणी आधी आली आणि पुरावा तिच्यामागून चालत गेला. त्यात हिरा म्हणजे निव्वळ कर्ब. पोटात गेला तरी तो कशाशी संयोग पावत नाही, त्याला विष म्हणण्याला काही आधार नाही. पण हिरकणी खाऊन प्राण देणारी माणसे आपल्या कथा-आख्यायिकांत इतकी आहेत की राजाने विष द्यायचे तर ते हिऱ्याचेच असणार, हे सगळ्यांनाच पटण्यासारखे होते.

पुढे जे झाले ते कोणत्याही पटकथाकाराला हेवा वाटावा असे होते. आरोप खुद्द बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला आणि त्यांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. सर रिचर्ड काउच यांच्या अध्यक्षतेखाली सहा जणांचे कमिशन बसले. त्यात ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे तीन हिंदी सभासद होते. निकाल तीन विरुद्ध तीन असा फुटला: इंग्रजांना गुन्हा दिसला, हिंदी सभासदांना तो शाबीत झालेला दिसला नाही. सरकारने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले, पण कारण विषप्रयोगाचे दिले नाही, गैरकारभाराचे दिले. त्याच साली नारायण बापूजी कानिटकरांनी मल्हाररावांवर मराठी नाटक लिहिले. प्रयोगशाळेचा अहवाल आणि रंगभूमी यांची गाठ आपल्याकडे इतकी जुनी आहे. सोमल होता एवढे शास्त्राने सांगितले. तो कोणी, कोणाच्या सांगण्यावरून घातला, हे सांगणे त्याच्या हाती नव्हतेच.

ही मर्यादा त्या काळाच्या मागासलेपणाची नव्हे, हे १९५६ चा पुण्याचा लागू खटला दाखवतो. डॉ. अनंत चिंतामण लागू हे लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवेचे डॉक्टर. १२ नोव्हेंबरच्या रात्री ते तिला घेऊन पुण्याहून रेल्वेने निघाले. पहाटे मुंबईला पोचताना ती बेशुद्ध होती. तिला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात वेगळ्या नावाने दाखल केले गेले आणि दुपारच्या आतच ती वारली. शवविच्छेदन दहा दिवसांनी झाले. मृत्यूचे कारण मधुमेहाची बेशुद्धी असे नोंदले गेले, आणि रासायनिक तपासणीत कोणतेही विष आढळले नाही. साळुंख्यांच्या प्रयोगशाळेत इथे मालिका संपली असती. प्रत्यक्षात लक्ष्मीबाईंनी दुसरे लग्न करून दूर संसार थाटल्याची बनावट पत्रे आणि आरोपीने लाटलेली तिची मालमत्ता या गोष्टींनी खटला उभा केला. सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, तीही दोन विरुद्ध एक अशी. न्या. हिदायतुल्लांच्या बहुमताच्या निकालाप्रमाणे विष सापडले नाही म्हणून विषप्रयोग झालाच नाही असे ठरत नाही. न्या. सरकारांना मात्र तो सिद्ध झाला असे वाटले नाही. याच्या नेमके उलटे उदाहरण म्हणजे १९८४ चा सारडा खटला, तोही पुण्याचाच. तिथे सायनाइड निःसंशय होते. तरी ते दुसऱ्याने दिले की स्वतः घेतले, हा संशय फिटला नाही आणि आरोपी सुटला. एकीकडे विष नाही पण शिक्षा, दुसरीकडे विष आहे पण सुटका.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही करमणूक आहे, ती कोण मनावर घेतो? २१ जानेवारी १९९८ पासून वीस वर्षे चाललेल्या ‘सीआयडी’तला इन्स्पेक्टर दया दार तोडतो तेव्हा लोक हसतात, पण अशी दारे तुटतील असे कोणी मानत नाही. मान्य. पण दार सगळ्यांच्या घरी असते, प्रयोगशाळा कोणी पाहिलेली नसते. प्रेक्षकाकडे पडताळून पाहायला काही नसते, तिथे विनोदही माहिती म्हणून मुरतो. व्हिसेरा (मृताचे अंतर्गत अवयव) राखून ठेवला आहे, रासायनिक विश्लेषकाचा (सी.ए.) रिपोर्ट यायचा आहे, असे पोलीस सांगतात तेव्हा मृताच्या नातेवाइकांना त्यात लपवाछपवीचा वास येतो, याचे एक कारण हे असावे असा माझा कयास आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विषाचे नाव, मात्रा आणि लक्षणे अचूक दाखवली तर ते शिकवणेच झाले. या बाबतीत मी मालिकेच्या बाजूने आहे. साळुंख्यांचे निळे-हिरवे द्रव जितके खोटे तितके बरे. पण अहवाल अपुरा आला, दोन तज्ज्ञांचे जमले नाही, विष सापडले तरी हात सापडला नाही, हे दाखवण्याने कोणी विषप्रयोग शिकत नाही. लागूंचे काय झाले हे कळले तर उलट धसकाच बसेल.

आणि अशाने कथा रटाळ होते म्हणावे, तर अगाथा ख्रिस्तींनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते आणि १९२० च्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीतले विषाचे कोडे औषधशास्त्राच्या नियतकालिकालाही पसंत पडले. तिथे शास्त्र रहस्याच्या आड येत नाही, रहस्य त्यातूनच निघते. आपल्या पटकथाकारांना तर परदेशी जायचीही गरज नाही. लागू आणि सारडा हे दोन्ही निकाल कोणत्याही कायद्याच्या ग्रंथालयात वाचायला मिळतात. साळुंख्यांनी एखाद्या भागात ‘विष सापडले नाही’ एवढेच सांगावे आणि उरलेला तपास मालिकेतल्या एसीपी प्रद्युम्नांवर सोपवावा.