आधी कोणाला? मुंबईच्या प्लेगमधील लसीच्या रांगेचा इतिहास

१/ महासाथ ऐन भरात आहे आणि लस हाती आली आहे. पण ती सर्वांना एकाच दिवशी देणे शक्य नाही. मग पहिली सुई कोणाच्या दंडात? हा प्रश्न २०२१ साली आपण सर्वांनी ऐकला. तोच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत उभा राहिला होता आणि त्याची उत्तरे आजच्यापेक्षा फार वेगळी होती. त्या उत्तरांचा हा थ्रेड.

२/ सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना काही रुग्णांत गाठीच्या प्लेगची लक्षणे आढळली. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावी पळाले. सरकारने घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि रेल्वेस्थानकांवरील तपासण्या सुरू केल्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. लोकांना रोगाइतकीच सरकारी उपायांची दहशत बसली.

३/ ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसाला जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले आणि १८९३ पासून हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत हिंडलेले हे जीवाणुशास्त्रज्ञ. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तोकड्या जागेत त्यांनी काम मांडले. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि मग उष्णता देऊन ते मारायचे, अशी त्यांची पद्धत होती. जंतू नीट वाढावेत म्हणून रश्श्यावर चक्क तुपाचे थेंब सोडले जात!

४/ लस तयार झाली. आता पहिला मान कोणाचा? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली आणि तीही १० घन सेंटिमीटर, म्हणजे पुढे रूढ झालेल्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप चढला, टोचल्या जागी वेदना झाल्या; पण ते सुखरूप राहिले. त्यांच्यामागून काही स्वयंसेवक पुढे आले. येथे रांगेत पहिले असणे म्हणजे सवलत नव्हती. अज्ञात धोक्याला सर्वांत आधी सामोरे जाणे होते.

५/ पण स्वतःवरच्या प्रयोगातून लस घातक नाही एवढेच कळते. ती वाचवते का, हे कळत नाही. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी सुमारे निम्मे टोचून घ्यायला तयार झाले, उरलेले तसेच राहिले. टोचणीनंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

६/ कैदी ‘राजीखुशीने’ पुढे आले, असे नोंदी सांगतात. परंतु भिंतीच्या आत प्लेग आणि दाराला कुलूप असताना राजीखुशी या शब्दाला किती अर्थ उरतो? शास्त्राच्या सोयीने पाहिले तर तुरुंग आदर्श होता: एकच अन्न, एकच छप्पर आणि कोणीही पळून जाऊ शकत नाही. नेमक्या याच कारणांमुळे ‘आधी कोणाला?’ याचे उत्तर अनेकदा समाजात ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण, त्यांच्यापाशी येऊन थांबते.

७/ तुरुंगाबाहेर उलटी अडचण होती. तिथे रांगच लागत नव्हती. सरकारवर विश्वास नाही, म्हणून सरकारी सुईवरही नाही. अशा वेळी विशीही न गाठलेले तिसरे आगाखान पुढे आले. त्यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली आणि त्यांच्या खोजा अनुयायांपैकी हजारो जण लसीला तयार झाले. येथे पहिला क्रमांक विश्वासाच्या माणसाचा होता. पुढे लस घेतलेल्यांना दाखले मिळू लागले; दाखला असला की विलगीकरणाच्या छावणीतून सूट मिळे.

८/ आता या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग. फेब्रुवारी १८९८, बडोद्याजवळचे उंढेरा गाव. गावात प्लेग सुरू होता. लसीचा निर्विवाद पुरावा हवा होता, म्हणून हाफकिन यांनी अनोखी वाटणी केली. कुटुंबे एकेक करून बोलावली आणि वय, लिंग, प्रकृती पाहून प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली. उरलेल्यांना दिली नाही.

९/ शास्त्र म्हणून ही वाटणी फार हुशारीची होती. एकच घर, एकच चूल, तेच उंदीर, तीच हवा. फरक फक्त सुईचा. श्रीमंत-गरीब, जात, मोहल्ला, कोणतीच सबब उरली नाही. एका अर्थी ती न्याय्यही होती, कारण वशिल्याला जागा नव्हती. पण त्या उंबरठ्याच्या आत उभे राहून पाहा: एका भावाला लस, दुसऱ्याला नाही.

१०/ पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तिथला हिशेब असा. लस घेतलेले ७१: आजारी ८, मृत्यू ३. न घेतलेले ६४: आजारी २७, मृत्यू २६. लस उपयोगी आहे, हे जगाला पटवणाऱ्या पुराव्यांत ही आकडेवारी गणली जाते. मात्र त्या पुराव्यातील २६ हा आकडा मागे ठेवलेल्या माणसांचा आहे, हे विसरता येत नाही.

११/ १९०२ पर्यंत चित्र पालटले. पंजाब सरकारने प्रचंड मोहीम आखली आणि परळच्या प्रयोगशाळेवर मागणीचा डोंगर कोसळला. वेग वाढावा म्हणून लस बनवण्याची रीत बदलली गेली. ऑक्टोबर १९०२ अखेर मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने गेले. हाफकिन निलंबित झाले. बाटली उघडताना गावातच चिमटा जमिनीवर पडला होता, ही बाब पुढे निर्णायक ठरली. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पण तोवर लोकांचा विश्वास ढासळला होता.

१२/ या सर्व घटना एकत्र ठेवल्या की लक्षात येते: ‘आधी कोणाला?’ हे वाक्य एकच असले तरी प्रश्न दोन आहेत. लस सिद्ध होण्यापूर्वी तो प्रश्न असतो, धोका कोणी पत्करायचा? सिद्ध झाल्यावर तो होतो, लाभ कोणाला आधी? भायखळ्याच्या कैद्यांनी पहिल्या प्रश्नाचे ओझे वाहिले. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी त्यांची आठवण कोणी ठेवली, असे दिसत नाही.

१३/ १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात कोविडची लस सुरू झाली, तेव्हा पहिला क्रमांक आरोग्यसेवकांना आणि सफाई कर्मचाऱ्यांना मिळाला. १ मार्चपासून साठीपुढचे आणि ४५ वर्षांवरील सहव्याधी असलेले आले. ज्याला धोका अधिक, त्याला लस आधी, हे तत्त्व आज साधे वाटते. पण १८९७ मध्ये रांगेचा क्रम कोण हाताशी आहे, यावरून ठरत होता.

१४/ परळची ती प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन यांच्याच नावाने ओळखली जाते आणि हे योग्यच आहे. उंढेऱ्याच्या त्या २६ जणांच्या नावाने मात्र कोठे पाटी नाही. पुढच्या महासाथीत रांगेचे नियम लिहिले जातील, तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते २८ उंबरठे असावेत, एवढीच अपेक्षा.

(समाप्त)