गेममध्ये नसलेला रूट

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा एक विद्यार्थी घरी सलाम करायला आला. शीरखुर्म्याची वाटी संपण्याआधीच त्याने मोठ्या भावाचा मोबाइल काढला आणि रेल्वे चालवण्याचा गेम मला दाखवू लागला. हॉर्न, सिग्नल, ब्रेक, सगळं होतं. मोठमोठ्या शहरांची स्टेशनं होती. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सर, इसमें नंदुरबार नई है. मेरेकू नंदुरबार से सूरत चलानी थी."

त्याचे अब्बू सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला आहेत. सुट्टी मिळाली की पॅसेंजरने येतात आणि पॅसेंजरनेच परत जातात. मी सहज बोलून गेलो, "अरे, आपल्या रूटमध्ये काय आहे? ना घाट, ना मोठा बोगदा. असा रूट गेममध्ये कोण घालणार?"

मुलगा गप्प बसला. तो गेल्यावर मला वाटू लागलं की शिक्षकाने देऊ नये असं उत्तर मी दिलं. इतिहास शिकवणाऱ्याने तर मुळीच देऊ नये. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

सहा रूट आणि एक जुना कॉम्प्युटर

या गेमचं वेड मलाही होतं. बी.एड. करत होतो तेव्हा एका मित्राच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रात्री मशीन रिकामं मिळायचं. त्यावर 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर' होता. हा गेम २००१ साली आला. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, जपानमध्ये 'देन्शा दे गो' नावाचा गेम निघाला होता. त्यात लोकल गाडी ठरलेल्या सेकंदाला, ठरलेल्या खुणेवर थांबवावी लागे. पण आमच्या पिढीच्या भारतीय मुलांनी इंजिनाचा दांडा पहिल्यांदा हातात धरला तो बहुधा मायक्रोसॉफ्टच्या गेममध्येच.

त्यात सहा रूट होते. अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन, इंग्लंडचा एक आणि ऑस्ट्रियाचा एक. खेळणाऱ्यांचे लाडके रूट बहुतेक डोंगरातले. कारण सोपं आहे. सपाट रुळावर गाडी चालवणं म्हणजे बसून राहणं. चढावर मात्र इंजिन दमतं, चाकं घसरतात. उतारावर ब्रेक लवकर लावला तर गाडी अडते, उशिरा लावला तर आवरत नाही. अवघड असतो म्हणून रूट आवडतो.

पण तो अवघड डोंगर पहिल्यांदा कोणी फोडला, हे गेम सांगत नाही. ते मला पुढे वाचताना कळलं.

माझा आवडता रूट होता इंग्लंडचा सेटल ते कार्लाइल. सुमारे ११६ किलोमीटरचा हा मार्ग १८७६ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. त्यावर रिबलहेड नावाचा २४ कमानींचा पूल आहे. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे वाफेचं इंजिन त्या पुलावरून नेताना मी रात्रीचं जेवणसुद्धा विसरायचो. तो मार्ग बांधायला हजारो मजूर उघड्या माळावर झोपड्या टाकून राहिले. अपघातात आणि देवीच्या साथीत त्यांच्यातले कितीतरी मेले. त्यांची बायकामुलंही गेली. जवळच्या चॅपल-ल-डेल या खेड्यातल्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं आहे.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. १९८० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेने हा मार्ग तोट्यात आहे म्हणून बंद करायचं ठरवलं. लोकांनी हजारो हरकती पाठवल्या. त्यात एक हरकत रस्वार्प नावाच्या कुत्र्याची होती. त्याचंही तिकीट काढलं जाई, म्हणजे तोही रीतसर प्रवासी. म्हणून त्याच्या पंजाचा ठसा उमटवून हरकत नोंदवली गेली. १९८९ मध्ये सरकारने बंद करण्याचा विचार सोडला. बारा वर्षांनी तो मार्ग गेममध्ये आला आणि खानदेशातल्या एका पोराच्या आवडीचा झाला. हा रूट जिवंत राहिला तो लोकांनी त्याच्यासाठी कागद काळे केले म्हणून.

दुसरा रूट अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला, मरायस खिंडीचा. जॉन स्टीव्हन्स या इंजिनिअरने १८८९ च्या डिसेंबरात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत ही खिंड गाठली, असं इतिहास सांगतो. खिंडीत त्याचा पुतळा आहे. हाच स्टीव्हन्स पुढे पनामा कालव्याचा मुख्य इंजिनिअर झाला. पण त्या थंडीत त्याच्याबरोबर एक आदिवासी वाटाड्या निघाला होता. शिवाय आसपासच्या आदिवासींना ती खिंड आधीपासून माहीत होती. पुतळा मात्र एकट्या स्टीव्हन्सचा.

तिसरा जपानचा हिसात्सु मार्ग. ओकोबा स्टेशनाजवळ रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच वर चढतात आणि गाडीला मागे-पुढे करत चढावं लागतं. डोंगरातला हा टप्पा १९०९ साली सुरू झाला. जुलै २०२० च्या पुरात मार्ग उद्ध्वस्त झाला, पूल वाहून गेले, गाड्या बंद पडल्या. पण जुन्या कॉम्प्युटरवर ओकोबाची गाडी अजून चढते. असा गेम एखाद्या मार्गाची आठवणही सांभाळून ठेवतो.

आपला घाट

मूळ गेममध्ये भारतातला एकही रूट नव्हता. ती उणीव हौशी पोरांनी भरून काढली. कॉलेजात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलांनी भारतीय इंजिनं, डबे, सिग्नल आणि मार्ग रात्री जागून तयार केले आणि एकमेकांना फुकट वाटले. मराठी माणसाला अशा वेळी पहिला आठवतो तो बोरघाट.

बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये पुरं झालं. सुमारे २५ किलोमीटरमध्ये गाडी ५५० मीटरहून जास्त चढते. बोगदे २५. सगळ्यात तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. सुरुवातीला घाटात एक उलटं फिरण्याचं स्टेशन होतं. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने निघायची. १९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन इतिहासजमा झालं. आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली ती याच घाटातून.

हा घाट कोणी बांधला? पुस्तकात नाव मिळतं मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कलीचं. घाट पुरा होण्याआधीच, १८६२ मध्ये तो वारला. पहिला ठेकेदार फेव्हिएल. मजुरी थकली म्हणून १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला आणि त्यानंतर त्याने काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका चालू ठेवला. १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. पटकी, ताप, सुरुंग आणि दरडी यांत मेलेल्यांचा अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास सांगतात. त्यांची नावं कुठेच नाहीत.

घाटातल्या लोकांनी मात्र एक नाव जपलं. शिंग्रोबा धनगराचं. इंग्रजांना घाटाची वाट त्याने दाखवली आणि बदल्यात त्याला मरण मिळालं, अशी कथा आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. ही दंतकथा आहे, दस्तऐवज नाही. पण मोंटानातल्या त्या वाटाड्याची आठवण करा. हजारो मैलांच्या अंतरावर गोष्ट एकच.

आणि आपला रूट

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या रूटमध्ये काय आहे?

नंदुरबारवरून जाणारा मार्ग 'तापी व्हॅली रेल्वे' या खासगी कंपनीने बांधला. मुंबईची किलिक निक्सन ही पेढी तिचा कारभार पाही. १९०० च्या सुमारास सुरत आणि खानदेश रुळांनी जोडले गेले. खानदेशचा कापूस बाहेर न्यायचा, हा उघड हेतू. त्याच सुमारास, १८९९-१९०० मध्ये, छप्पनचा दुष्काळ पडला होता. पुढे ही कंपनी बी.बी. अँड सी.आय. रेल्वेत गेली आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे झाली. उधना ते जळगाव हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर. अलीकडे मार्ग दुहेरी झाला आणि वीजही आली.

पण रूळ नवे, वाट जुनी. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता नवापूर आणि नंदुरबारवरूनच जायचा. बैलांचे तांडे, कापड, नीळ, बादशाही खजिना, सगळं याच वाटेने. सुरत हे मुघल काळात हजच्या जहाजांचं बंदर होतं. त्याला 'बाब-ए-मक्का', मक्केचा दरवाजा, म्हणत. दख्खन आणि बऱ्हाणपूरकडून हजला निघालेले मुसाफिर आपल्याच गावच्या विहिरींवर पाणी प्याले असणार. १६३० मध्ये पीटर मंडी हा इंग्रज या वाटेने गेला, तेव्हा भयंकर दुष्काळ होता. रस्त्यावर पडलेली प्रेतं त्याने लिहून ठेवली आहेत. आणि त्याच्याही तीनशे वर्षं आधी, १३४२ च्या सुमारास, इब्न बतूता दौलताबादहून खंबायतला जाताना नंदुरबारला आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात आपल्या गावाचं नाव आहे, इथल्या मराठी लोकांचं आणि कारागिरांचं वर्णन आहे. सेटल-कार्लाइलचा पहिला रूळ पडण्याआधी पाचशे वर्षं आपला रूट कागदावर आलेला होता.

आता स्टेशनं मोजू. बारडोली, १९२८ च्या सत्याग्रहाची. सोनगड, गायकवाडांच्या किल्ल्याचं. नवापूर, जिथे स्टेशनाच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि फलाट वाटला गेला. तिथे एक बाक अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये आहे. मग चिंचपाडा, खांडबारा आणि नंदुरबार, जिथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळ्यांना सामोरे गेले. पुढे दोंडाईचा, शिंदखेडा आणि अमळनेर. अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते. तिथेच १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्याचीच पुढे विप्रो झाली. मग धरणगाव, पाळधी, जळगाव.

घाट नाही, हे खरं. पण या रुळांवरून रोज कोण जातं? सुरतेच्या कारखान्यांतले कामगार, गुजरातेत ऊसतोडीला आणि बांधकामावर जाणारी मावची, भिल, पावरा कुटुंबं, मिरचीचे व्यापारी, दवाखान्याला निघालेले म्हातारे. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला तर आधी तापी ओलांडून स्टेशन गाठावं लागतं. या सगळ्यांच्या जगण्याचा चढ कोणत्याही गेमच्या आकड्यात बसत नाही.

मग हा रूट गेममध्ये का नाही? कोणी मुद्दाम वगळला म्हणून नव्हे. रूट बनवणाऱ्याला फोटो लागतात, जुने नकाशे लागतात, पुलांची मापं लागतात, आठवणी लागतात. इंग्लंडच्या त्या मार्गाचं हे सगळं लोकांनी जमवून ठेवलं होतं. आपण जमवलं नाही. आपल्या आजोबांपैकी कोणी गँगमन होते, कोणी फाटकावर होते, कोणी स्टेशनबाहेर टांगा हाकत होते. त्यांच्याबरोबर त्यांच्या गोष्टीही कब्रस्तानात आणि स्मशानात गेल्या. दोष द्यायचा तर मी आधी स्वतःला देतो. वीस वर्षं इतिहास शिकवतोय, पण स्टेशनावरच्या एकाही म्हाताऱ्या हमालाला मी काही विचारलं नव्हतं.

शाळा सुरू झाल्यावर मी त्या मुलाला वर्गासमोर बोलावलं आणि म्हणालो, "ईदला मी चुकीचं बोललो. चल, आपण आपला रूट बनवू." कॉम्प्युटरवर नाही, कार्डशीटवर. मी फळ्यावर स्टेशनं लिहू लागलो. खांडबाऱ्यानंतर मी अडखळलो तर त्याने मागून सगळी स्टेशनं घडाघडा म्हणून दाखवली, अगदी उधन्यापर्यंत. अब्बूंना सोडायला जाऊन आणि दोनदा त्यांच्यासोबत प्रवास करून पाठ झालेली. छोटी स्टेशनं धरून माझ्या यादीत तीन कमी निघाली.

आता त्या कार्डशीटवर प्रत्येक स्टेशनापुढे दोन रकाने आहेत. एक, 'इथे काय घडलं'. दुसरा, 'कोणी सांगितलं'. पहिला रकाना मी पुस्तकांतून बराच भरला. दुसरा मुलं भरतायत, कोणी दादीकडून, कोणी शेजारच्या निवृत्त पॉइंट्समनकडून, काही उर्दूत, काही मराठीत, एक नोंद चक्क अहिराणीत. अर्ध्याहून जास्त जागा अजून कोरी आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी तापी व्हॅलीत नोकरी केलेलं माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. कार्डशीट वर्गाच्या भिंतीवर लावलेलं आहे.