दिवाळीनंतरचे धडे

नवा विज्ञान अभ्यासक्रम जिल्ह्यात उतरवायचा म्हणजे पुस्तके जूनला पोहोचवायची आणि शिक्षकांना चार-आठ दिवस प्रशिक्षणाला बसवायचे, ही शासकीय समजूत गेल्या पन्नास-साठ वर्षांत फारशी हललेली नाही. ही तयारी का पुरत नाही, ते बीड जिल्ह्यातल्या वडवणीसारख्या ऊसतोड मजुरांच्या तालुक्यात स्पष्ट दिसते. दोष नेहमी शिक्षकाच्या माथी मारला जातो. खरी गाठ मात्र कॅलेंडरात आहे. अभ्यासक्रम लिहिणारे जून ते एप्रिल असे सलग वर्ष गृहीत धरतात आणि इथल्या कितीतरी मुलांच्या वाट्याला ते सलग येतच नाही.

मराठवाड्यात शालेय विज्ञान आले तेच वाकड्या वाटेने. हैदराबाद संस्थानाने १९१७ मध्ये अनुवाद विभाग काढला, पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ, आणि विज्ञानाची पुस्तके उर्दूत तयार झाली. सरकारी शाळेत वरच्या वर्गात गेलेल्या मराठी मुलाला विज्ञान भेटायचे ते उर्दूतून. संस्थान संपल्यावर याच पिढीतल्या अनेकांवर मराठीतून शिकवायची वेळ आली; १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे कोठारी आयोगाने दहावीपर्यंत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे करा असे सुचवले, १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली, आणि मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. ती देणारी तुकडी नव्या आठवीत बसली होती जून १९७२ मध्ये. म्हणजे नेमका दुष्काळ. बीड जिल्ह्यात माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर होती आणि मुलांच्या हातात सुकडी होती. अभ्यासक्रम लागू झाल्याची नोंद दप्तरी पडली असेल, पण गावाचे वर्ष त्याच्या हिशेबात कुठेच नव्हते.

१९८७ च्या खडू-फळा योजनेने साहित्याची उणीव ओळखली, हे तिचे श्रेय. विज्ञानपेटी शाळेत आली. पण परीक्षानळी, भिंग, चुंबक यांची नोंद जडसंग्रह वहीत झाली की फुटले-हरवले त्याचा जाब गुरुजींना. मग पेटीला कुलूप लागले तर नवल काय! इथेही वस्तू पोहोचली आणि तिला वापरात आणणारी व्यवस्था मागेच राहिली.

आता एक पुस्तक जवळून पाहू. बालभारतीच्या २०१६ च्या सहावीच्या सामान्य विज्ञानात सोळा धडे आहेत. नैसर्गिक संसाधने, सजीव सृष्टी, आपत्ती व्यवस्थापन सुरुवातीला. बल, साधी यंत्रे, ध्वनी, प्रकाश, चुंबक उत्तरार्धात. हाताने करून पाहण्याजोगा बराचसा भाग दिवाळीनंतर येतो. इकडे दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्या मुलाच्या बापाच्या हातात कोयता आहे, म्हणजे पाचरीचेच एक रूप, त्याच मुलाचा साध्या यंत्रांचा धडा बुडतो.

यावर पहिला आक्षेप असा की हंगामी वसतिगृहे आहेत, आजी-आजोबांजवळ राहणारी मुलेही आहेत. आहेत, आणि त्यांच्यामुळे गळती रोखायला मदतही झाली. पण सगळी मुले मागे राहत नाहीत, आणि जी परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर थेट परीक्षेत येऊन बसतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे: अभ्यासक्रम राज्याचा, तो तालुक्याच्या सोयीने कसा वाकवणार? शेजारच्या मध्य प्रदेशाने हे करून दाखवले होते. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत प्रयोगाधारित विज्ञान सुरू झाले आणि १९७८ मध्ये ते जिल्हाभर गेले. शिक्षकांच्या मासिक बैठका, साहित्य, वेगळी पुस्तके आणि पुस्तक उघडून लिहायची परीक्षा, असे सगळे एकत्र बदलले. २००२ मध्ये शासनाने तो कार्यक्रम बंद केला, हे खरे. पण तीस वर्षे चाललेल्या गोष्टीला अशक्य म्हणता येत नाही.

वडवणीला तर एवढीही मुभा मागायची गरज नाही. राज्याचा नवा आराखडा २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येतो आहे. सहावीची पाळी येईल तेव्हा पुस्तक राज्याचेच असेल, पण धड्यांचा क्रम शाळासमूहाच्या केंद्रातल्या शिक्षकांना बसून ठरवता येतो. एकच काम नेटाने करायचे: पुढचे प्रयोगाचे धडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओढायचे, आणि वाचून समजण्याजोगे मागे ठेवायचे, म्हणजे फडावर गेलेले मूल निदान पुस्तक तरी सोबत नेऊ शकेल. क्रम बदलला तर चाचणीत मुले अडकतील, ही भीती भाषा-गणितात रास्त आहे, कारण अलीकडच्या वर्षांत नियतकालिक चाचण्यांचे त्या विषयांचे पेपर राज्याकडून येतात. त्या चाचण्यांत विज्ञान नाही. सहावीच्या विज्ञानाचा सहामाही पेपर शाळाच काढते.